कपात बसायचंय, पण चक्कर आली तर?

प्रश्न : ताई, मी ठाण्याची, वय ५८. जूनमध्ये लेकीकडे कॅलिफोर्नियाला चाललेय. नात साडेतीन वर्षांची आहे, तिला अनाहाइमच्या डिस्नेलँडमधल्या गरगर फिरणाऱ्या कपांत आजीसोबतच बसायचंय, रोज व्हिडिओ कॉलवर तेच चाललंय. मला जत्रेतल्या पाळण्यातही गरगरतं. जमेल का हो? आणि एवढ्या लहान मुलीला बसू देतात का?

उत्तर : आधी नातीचं सांगते, बसू देतात, त्या राइडला उंचीची अट नाहीये. फक्त तिकीट लागेल, कारण तिथे ३ वर्षांच्या आतल्यांनाच फुकट, पुढे ९ वर्षांपर्यंत मुलांचं तिकीट.

आता तुमचं. ही राइड १९५५ साली पार्क उघडलं तेव्हापासूनची आहे, नाव मॅड टी पार्टी, आणि ती फिरते कशी ते कळलं ना की निम्मी भीती जाते. एक मोठी परात समजा, तिच्यात तीन ताटं आणि प्रत्येक ताटात सहा कप, म्हणजे एकूण १८. परात फिरते, ताटंही फिरतात, ते आपल्या हातात नाही, पण कपाच्या मधोमध एक गोल चाक असतं आणि कप स्वतःभोवती किती जोरात गरगरणार हे बरंचसं त्या चाकावर असतं. पोटात ढवळतं ते मुख्यतः यानेच. म्हणून चाक नातीच्या हातात द्या, तिच्या चिमुकल्या हातांनी कितीसं फिरणार! जावयांना मात्र दुसऱ्या कपात बसवा, मोठी माणसं एकदा चाकाला लागली की थांबत नाहीत.

चक्कर येते ती कानाच्या आतल्या पाण्यामुळे, आपण थांबलो तरी ते थोडा वेळ हलत राहतं आणि मेंदूला वाटतं अजून फिरतोय. माझ्या सासूबाईंना मी एकच सांगितलं होतं, बाहेर बघायचं नाही, चाकाच्या कडेवर नजर ठेवायची. त्यांनी एका हाताने पदर आणि दुसऱ्याने कपाची कड घट्ट धरली, पूर्ण वेळ चाकाकडेच बघत होत्या आणि उतरून सरळ चालत आल्या. सगळं मिळून दीडेक मिनिटाचं काम आहे. त्याआधी भरपेट जेवू नका पण अगदी उपाशीही नको, पर्समध्ये आलेपाकाची वडी ठेवा. पार्क उघडल्या उघडल्या तिकडे गेलात तर उन्हात रांगेत ताटकळावं लागणार नाही, राइडला वर छप्पर नाहीये आणि जूनचं ऊन चक्कर वाढवतं.

पण डॉक्टरांनी तुम्हाला व्हर्टिगो आहे असं सांगितलं असेल, किंवा मानेचं दुखणं असेल, तर प्लीज बसू नका, नातीचं मन मोडेल म्हणूनसुद्धा नाही. लेकीला बसवा, तुम्ही कठड्यापाशी उभ्या राहा, कप समोरून जाईल तेव्हा तिला हात करा, ती प्रत्येक फेरीला तुम्हालाच शोधेल. आणि संध्याकाळी परत एकदा तिकडे चक्कर मारा, वर टांगलेले रंगीत कंदील लागलेले असतात, ते बघायला कपात बसावं लागत नाही.