वाचक विचारतात : मशीनवरचा मालकंस खरा मानायचा का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी लाखांदूर तालुक्यातला. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. दिवाळीत भाचा पुण्याहून आला, त्यानं मोबाईलवर चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा १९८२ चा अल्बम लावून देल्ला. म्हणे मामा हे जगात गाजलेलं आहे. मले तं नुसतं टुंय टुंय ऐकू आलं. तबला नाई, गाणं नाई, अन् नावं मात्र यमन, ललित, मालकंस. याले राग म्हणायचं काय? अन् लोकायनं एवढं डोक्यावर काहून घेतलं?

उत्तर : काका, राग म्हणायचं. माझं मत एकदम पक्कं आहे. पण आधी एक करा, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचा खर्ज येतच नाही आणि या अल्बमचा अर्धा जीव त्या खर्जात आहे. मंडळाचा साउंड बॉक्स असेल तर त्याला जोडा, नाहीतर भाच्याचा हेडफोन मागून घ्या.

चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे, बास गिटार, कीबोर्ड असं सगळं हाताखालून गेलेला माणूस. तेव्हा सिनेमात जिकडेतिकडे डिस्को चालू होता, त्यांनी ठरवलं की डिस्कोचा ठेका ठेवायचा, तबला काढायचा आणि वर राग वाजवायचा. जवळ तीन जपानी मशिनी होत्या, तिन्ही रोलँड कंपनीच्या. ठेक्याला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३ आणि मुख्य सुरावटीला ज्युपिटर-८. भैरवपासून बैरागीपर्यंत दहा राग, प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं.

यातली टीबी-३०३ ही अगदी छोटी डबी. गिटारवाल्याला घरी रियाजाला बास मिळावा म्हणून काढलेली, एका वेळी एकच सूर निघतो. ती हाताने वाजवायची नसते, आधी सूर भरायचे, मग कोणता सूर किती वेळ ते वेगळं भरायचं, फार किचकट काम. पण तिच्यात एक स्लाइड नावाची सोय आहे, ती लावली की सूर तुटत नाही, पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ज्युपिटरवरही सूर असाच ओढता येतो.

आता काका, तुम्ही पेटीवाले आहात म्हणून मनापासून सांगते. पेटीची पट्टी दाबली की तिची रीड वाजते, दुसरी दाबली की दुसरी, मधली जागा पेटीत नाहीच. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत जाणं, नाही, भैरवातला कोमल रिषभ झुलवता येत नाही. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० पासून कितीतरी वर्षं पेटीवर बंदी घातली होती, आणि पेटीची मूळ घडणसुद्धा युरोपातलीच. तरी आपलं भजन, खंजिरी भजन, दंडारीसारखं लोकनाट्य, काहीच पेटीवाचून उभं राहत नाही, कारण वाजवणाऱ्याला राग ठाऊक असतो. मग ज्या मशीनला निदान सूर ओढता येतो तिला राग नाकारायचा कसा?

मालकंसच लावा. ठेका चालू राहू द्या, त्याच्याकडे लक्षच देऊ नका, फक्त वरची सुरावट धरा. रिषभ, पंचम नाहीत, गंधार धैवत निषाद कोमल आणि सूर मध्यमावर येऊन टेकतात, हे तुमच्या कानाला लगेच कळेल. पेटी समोर घ्या, आधी त्यांचा षड्ज शोधा आणि हळूच साथ करून बघा. नंतर ललित लावा, त्यात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात तिथे कान लावून बसा, मला सगळ्यात जास्त तीच जागा आवडते.

उणं आहे तेही सांगते. ठेका कुठेच श्वास घेत नाही. ललित पहाटेचा, मालकंस रात्रीचा, पण चाल दोघांची जवळपास सारखीच, धावती. विलंबित म्हणजे संथ लय नाही, रागाला हळूहळू उलगडायला जागाच नाही. तुमच्या मंडळात रात्री दोन वाजता जो मालकंस रंगतो तो यात मिळणार नाही.

डोक्यावर घेतलं त्याचं कारण वेगळंच आहे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत याच टीबी-३०३ च्या आवाजावर अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत सुरू झालं आणि जगभर पसरलं. आपल्याकडे हा अल्बम तेव्हा कोणी फारसा विचारला नाही, २०१० मध्ये एका डच संग्राहकानं परत छापला तेव्हा लोक चाट पडले, की हाच आवाज मुंबईत पाच वर्षं आधी? काहींना तर कोणीतरी बनाव केला असंच वाटलं. मात्र ‘अ‍ॅसिड हाउस भारतात जन्मलं’ असं जे म्हणतात ते मला पटत नाही, शिकागोच्या पोरांनी हे ऐकलेलंच नव्हतं, त्यांची वाट त्यांनी स्वतः काढली. सिंग यांचं मोठेपण त्यांच्या कामातच आहे, त्याला ‘पहिला’चा शिक्का कशाला लागतो. म्हातारपणी युरोपात त्यांचे कार्यक्रम झाले, २०१५ मध्ये ते गेले.

प्रश्न : मी वडसा भागात झाडीपट्टी नाटकात कीबोर्ड वाजवतो. माझ्या कीबोर्डवर असा ओढलेला सूर निघेल काय?

उत्तर : निघेल भाऊ. डावीकडे पिच बेंडचं चाक असेल तर आधी त्यावर हात बसव. त्याशिवाय सेटिंगमध्ये पोर्टामेंटो, म्हणजे सूर घसरवायची सोय, शोध, सोबत मोनो मोड चालू कर म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल, आणि पट्ट्या न उचलता जोडून वाजव. पोर्टामेंटोचा वेळ अगदी कमी ठेव, जास्त ठेवलास तर सगळंच घसरतं आणि राग हरवतो. लॅपटॉप असला तर सर्ज एक्सटी नावाचा सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, त्यात हे सगळं आहे. पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, खेळात एकदम काढू नको, आधी तालमीत गाणाऱ्यांना ऐकव, त्यांना पट्टीचा उभा सूर धरायची सवय असते, ऐन नाट्यगीतात सूर हलला तर त्यांचा षड्ज सुटेल.