सुटलेल्या नमाजांचा हिशेब

प्रश्न : आपा, माझं वय ४२. तेराव्या वर्षी वयात आले, पण पाबंदीनं नमाज सुरू झाली ती ३३व्या वर्षी. मधल्या काळात रमजान सोडला तर जवळपास काहीच नाही. सासूबाई म्हणतात, रमजानच्या अखेरच्या जुम्म्याला चार रकाती (नमाजेची आवर्तनं) पढल्या की आयुष्याची कजा, म्हणजे सुटलेल्या नमाजांची भरपाई, फिटते. हे खरं का? नाही तर वीस वर्षांच्या नमाजा मोजायच्या कशा?
— एक वाचक, जाफरनगर, नागपूर

उत्तर : ताई, या चार रकातींबद्दल मोमीनपुऱ्यातल्या बायका मला दर रमजानात विचारतात. त्याला काही आधार नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत पैगंबरांचं वचन आहे : नमाज विसरली तर आठवताच अदा करावी, त्याशिवाय तिचा दुसरा कफ्फारा (प्रायश्चित्त) नाही. सासूबाईंशी वाद मात्र घालू नका.

मी हनफी मसलकाप्रमाणे (सुन्नींच्या चार धर्मशास्त्रीय पंथांपैकी एक) सांगते. जाणूनबुजून सोडलेल्या नमाजेला कजा नाही, तौबा (पश्चात्ताप) करून नफिल (ऐच्छिक नमाजा) वाढवाव्यात, असं मध्ययुगीन धर्मपंडित इब्न तैमियांचं मत होतं. चारही मसलकांचा फतवा मात्र कजेचाच आहे आणि मलाही तोच पटतो. तौबा तर करायचीच.

आता मोजणी. वीस वर्षांचे ७,३०० दिवस. पाळीच्या दिवसांतली नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. (रोज्यांची आहे, हे विसरू नका.) पाळी पाच दिवस की सात, आठवत नसेल तर पाच धरा, म्हणजे कमी भरणार नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव चालू होता ते दिवसही वजा करा, जास्तीत जास्त चाळीस. ज्या रमजानांत नक्की पढलात, तेही वजा. उरतील साधारण साडेपाच ते सहा हजार दिवस. मनाला जो आकडा पटेल तो वहीत लिहा आणि पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. कित्येक जणी मोजणीतच थकतात आणि एकही कजा पढत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

कजा फक्त फर्ज (अनिवार्य) आणि वित्रची (इशानंतरची नमाज) : फजर (पहाट) २, जोहर (दुपार) ४, असर (तिसरा प्रहर) ४, मगरिब (सूर्यास्तानंतर) ३, इशा (रात्र) ४, वित्र ३. दिवसाच्या वीस रकाती. नीयत (मनातला संकल्प) अशी करा, ‘माझ्यावर बाकी असलेली पहिली फजर’. ती झाली की पुढची आपोआप पहिली होते. फर्जच्या तिसऱ्या-चौथ्या रकातीत फातिहाऐवजी (कुराणातली पहिली सूरा) तीनदा सुब्हानल्लाह म्हटलं तरी चालतं. वित्रमध्ये ही सवलत नाही. सूर्य उगवताना, माथ्यावर असताना आणि मावळताना कजा पढू नका. फजरनंतर सूर्योदयापूर्वी किंवा असरनंतर ऊन पिवळं पडण्याआधी चालते.

रोजच्या प्रत्येक नमाजेबरोबर त्याच वक्ताची एक कजा धरलीत तर पंधरा ते सतरा वर्षं लागतील, तीन धरल्यात तर पाच ते सहा. नोकरी, स्वयंपाक सांभाळून रोज जमेल तेवढंच धरा, पण ते मोडू नका. कजा घरातच पढा. नणंद-जावांनी विचारलं तर कजा आहे म्हणून सांगू नका. झालेला गुनाह लोकांपुढे मांडायचा नसतो.

फिदिया (नमाजेच्या बदल्यात गरिबांना द्यायचं दान) देऊन जिवंतपणी यातून सुटता येत नाही. मात्र वसीयत (मृत्युपत्र) लिहून ठेवा : माझ्यानंतर जितक्या नमाजा उरतील त्यांचा फिदिया, वित्रसह दिवसाचे सहा, माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशातून द्यावा. दर ईदला वहीतला उरलेला आकडा त्या कागदावर दुरुस्त करत जा.