कौलावरचं १८६५

प्रश्न : राजापूरच्या बाजारपेठेत आमचं पणजोबांपासूनचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. चिऱ्याच्या भिंती, वर माळा, पुढे दाराऐवजी सुट्या उभ्या फळ्या. गळतं म्हणून कौलं उतरवली, तर मागे ‘बाझल मिशन टाईल वर्क्स, १८६५’ असा इंग्रजी ठसा निघाला. इमारत तेव्हाची समजायची का? आणि मिस्त्री म्हणतो, फळ्या काढून शटर टाका. टाकू का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : तुमच्या आनंदावर विरजण घालतो, माफ करा. १८६५ हे कारखाना निघाल्याचं साल. बाझल मिशन ही स्वित्झर्लंडमधली ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था; तिचे जर्मन पाद्री प्लेब्स्ट यांनी त्या साली मंगळुरात, जेप्पूला, कौलं पाडायला सुरुवात केली आणि साच्यात तेच साल पुढे चालत राहिलं. आल्बुकर्क या दुसऱ्या कारखान्याच्या कौलांवरच्या १८६८ चीही तीच गत. एक धागा मात्र हाती लागतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा मिशनचं नाव असलेली तुमची कौलं बहुधा त्याआधीची.

पण हे झालं छपराचं वय. भिंती त्याहून जुन्या असू शकतात. छप्पर उघडं आहे तोवर वाशांच्या पाठी बघून घ्या. मंगलोरी कौलाला रीप, म्हणजे वाशांवरची आडवी पट्टी, साधारण फुटाफुटावर लागते; नळ्यांना, म्हणजे जुन्या अर्धगोल गावठी कौलांना, दाट. खिळ्यांची जुनी भोकं जवळजवळ दिसली, तर आधी नळे होते. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका आणि घरपट्टीचे जुने उतारेही काढा.

माळ्याच्या तक्तपोशीत, म्हणजे फळ्यांच्या जमिनीत, झाकण आणि वर तुळईला कडी आहे का? अर्जुना-कोदवलीचं पाणी पेठेत शिरतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! पोती, गुळाच्या ढेपी दोरानं वर घ्यायची सोय ती.

आता फळ्या. शटर टाकू नका, असं माझं स्पष्ट मत. फळ्या काढल्या की अख्खा दर्शनी भाग उघडा, गिऱ्हाईक ओट्यावर टेकून हिशेब करतं. शिवाय पुरानंतर फळी धुऊन उभी वाळवता येते; चिखल बसलेलं शटर ओढून बघा एकदा. प्रत्येक फळीवर पटाशीनं कोरलेला आकडा असेल. शेजारणीच्या कडेला जुळवून रंधलेली फळी दुसरीकडे बसत नाही. मामांच्या दुकानात मी एकदा सातवी सहावीच्या आधी सरकवली. मध्ये बोटभर फट आणि शेवटची फळी काही केल्या आत जाईना. भर पावसात मामांनी सगळ्या काढून पुन्हा लावल्या. बोलले काही नाहीत, पण त्या दिवशी माझा खडीसाखरेचा खडा बुडाला.

सुताराकडे द्यायच्या आधी आकड्यांचे फोटो काढा. रंधा फिरला की पहिले तेच जातात.