शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घेऊन क्रूझवर

बुकिंग करतानाच कंपनीला लेखी कळवा. नुसतं 'नट्स' लिहू नका. 'पीनट' असा स्पष्ट शब्द हवा. काजू-बदाम चालतात की नाही, तेही वेगळं सांगा.

जहाजावर चढल्या दिवशीच डायनिंग हॉलच्या मुख्य वेटरला गाठा आणि उद्याचं जेवण आदल्या रात्री ठरवून घ्या. बुफे टाळाच. पदार्थ निर्धोक असतो, पण शेजारच्या चटणीतला डाव कोणीतरी पोह्यांत घालतं आणि घोटाळा होतो. तळणाचं तेलही बरेचदा एकच. म्हणून 'यात दाणे आहेत का?' असं न विचारता 'या तेलात आणखी काय तळता?' असं विचारा. भारतीय काउंटर ओळखीचा वाटतो, पण साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत दाण्याचं कूट आपणच घालतो ना!

औषधं हातातल्या पिशवीत ठेवा; मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला काही तास जातात. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) लिहून दिलं असेल तर दोन डोस सोबत ठेवा, कारण पहिल्याने उतार पडला नाही तर साधारण 5 मिनिटांनी दुसरा द्यावा लागतो. नाशिकहून मुंबईला गाडीने निघालात तर ते डॅशबोर्डवर नको, उष्णतेने खराब होतं, बर्फातही नको.

घसा सुजला, धाप लागली तर सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. तिने अंगावरचं पित्त शमेल, श्वास मोकळा होणार नाही. आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, लगेच जहाजाच्या डॉक्टरांना फोन. मुलाला आडवं ठेवा, धाप असेल तर बसवा. चालवत दवाखान्यात मात्र नेऊ नका.