कुंडीतला किडा आणि पेनिसिलीन

प्रश्न : कुंडीला पाणी घातलं की बारीक पांढरे किडे टणाटण उडतात. ते म्हणे पेनिसिलीन बनवतात! की बनवतात पोटातले जिवाणू आणि नाव होतं किड्याचं?

उत्तर : शंका रास्त आहे, अनेक प्राण्यांत तसंच निघतं. इथे मात्र जनुकं किड्याच्याच जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या जनुकसंचात, आहेत. असे टणाटण उडणारे बारीक किडे म्हणजे स्प्रिंगटेल. त्यांतल्या फोल्सोमिया कँडिडा या जातीत ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१३ मध्ये असं एक जनुक दाखवलं आणि २०१७ मध्ये चार जनुकांचा गटच. गटातल्या पहिल्याचं विकर (एन्झाइम) अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलीन या तीन अमिनो आम्लांची माळ ओवतं. दुसऱ्याचं विकर लोह आणि ऑक्सिजनच्या मदतीने त्या माळेत दोन कडी मिटवतं. त्यातलं चौकोनी कडं म्हणजे बीटा-लॅक्टम. जिवाणूंना पेशीभिंत बांधू न देणारं ते हेच. उरलेली दोन जनुकं सेफामायसिन या दुसऱ्या बीटा-लॅक्टम प्रतिजैविकाच्या मार्गातली. पेनिसिलीन-जी (औषधातलं पेनिसिलीन) बनवताना बुरशी शेवटी आणखी एक विकर वापरते, ते या चौघांत नाही. म्हणून ‘बीटा-लॅक्टम बनवतो’ एवढंच म्हणावं.

प्रश्न : मग ही जनुकं बुरशीकडून आली का?

उत्तर : बहुधा जिवाणूंकडून, तीही एकदाच. या जनुकांच्या वंशवृक्षात पहिली दोन जिवाणू आणि बुरशी यांच्या मधे बसतात, पण सेफामायसिनची दोन थेट जिवाणूंच्या घोळक्यात. पुढे काही शाखांनी ती गमावली. तरी स्प्रिंगटेलच्या ६० टक्क्यांहून जास्त कुळांत यांतली काही ना काही सापडतात, आणि ती मुख्यतः मातीच्या आत राहणाऱ्यांत. जिथे चहूबाजूंनी सूक्ष्मजीव, तिथे हे हत्यार कामाचं. उष्णतेचा ताण दिला की ही जनुकं जास्त चालतात.

प्रश्न : घरी पाळता येतील?

उत्तर : येतील. वजनाने ८ भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि १ भाग कोळशाची पूड पाण्यात कालवून डबीत सेंटीमीटरभर थर द्या. काळ्या थरावर पांढरे किडे छान दिसतात. थर ओला हवा, पण वर पाणी साचू देऊ नका. तापमान २० अंशांच्या आसपास. खायला सुक्या यीस्टचे चार-पाच दाणे पुरेत. जास्त टाकले की बुरशी माजते (हो, प्रतिजैविक बनवणाऱ्यांच्या घरातही!); दिसताच चिमट्याने काढा. फोल्सोमियाला नर लागत नाही, पण अंडी फुटायला पेशींतला वोल्बाकिया जिवाणू लागतो. म्हणून डबीत रिफाम्पिसिन हे जिवाणू मारणारं प्रतिजैविक घालायचा प्रयोग नको, अंडी तशीच राहतील.