शिकागो सोडून लेक जिनिव्हाला राहायला जावं का? आणि आई-बाबांना तिथे काय दाखवावं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना शिकागोच्या उपनगरातून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या गावात घर घेऊन घरूनच काम करावं का, हा पहिला. जुलैत येणाऱ्या आई-बाबांना दोन दिवसांत तिथे काय दाखवावं, हा दुसरा. आधी राहण्याचं बघू, कारण त्यातली चूक महागात पडते.

घरं बघत फिरण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. घरून काम करणार म्हणजे घर हेच तुमचं कामाचं ठिकाण, आणि लेक जिनिव्हा ज्या वॉलवर्थ काउंटीत आहे ती शिकागो महानगर क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे नवीन एलसीए (कामाचं ठिकाण आणि पगार यांबद्दल कंपनीने अमेरिकेच्या श्रम खात्याकडे करायचा अर्ज) आणि त्यावर सुधारित एच-वन-बी अर्ज, दोन्ही तिथून काम सुरू करण्याआधी दाखल व्हायला हवेत. पत्ता बदलल्याचा एआर-११ दहा दिवसांत भरला की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो भरावा लागतोच, पण त्याने हे काम होत नाही.

पगाराचं खातं सांभाळणाऱ्यांनाही आधीच कळवा. विस्कॉन्सिनचा रहिवासी अधूनमधून इलिनॉयमधल्या ऑफिसला गेला, तरी दोन राज्यांतल्या करारामुळे त्या पगारावर इलिनॉयचा कर लागत नाही. त्यासाठी कंपनीकडे आयएल-डब्ल्यू-५-एनआर हा फॉर्म द्यायचा. कंपनीने विस्कॉन्सिनचा कर कापायला सुरुवात केली नाही, तर तो दर तिमाहीला तुम्हालाच भरावा लागतो, नाहीतर वर्षअखेरीस व्याजासकट अंगावर येतो. दरही वेगळे आहेत: इलिनॉयचा सरसकट ४.९५ टक्के, विस्कॉन्सिनचा टप्प्याटप्प्याने ७.६५ टक्क्यांपर्यंत.

आता गाव. माझं मत विचाराल तर लेक जिनिव्हा बघायला आणि विल्यम्स बे राहायला. दोन्ही एकाच तळ्याच्या काठी आहेत. पण उन्हाळ्यातल्या शनिवारी हायवे ५० वरून लेक जिनिव्हातून जाणं म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बसणं. विल्यम्स बे तीन हजारांच्या आतली वस्ती आहे, तिची स्वतःची शाळा आणि बीच आहे. हायवे ५० आणि ६७ च्या चौकातलं हॉस्पिटलही जवळ पडतं.

जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ दिसलं म्हणून पाण्यावर हक्क मिळाला असं समजू नका. काठापासून आत असलेल्या बऱ्याच वसाहतींची स्वतःची असोसिएशन असते. बीच वापरण्याचा हक्क घराबरोबर येतो का, आणि बोट बांधायची जागा येते की तिची वेगळी प्रतीक्षा यादी आहे, हे कागदपत्रांत वाचा. एजंटच्या तोंडी बोलण्यावर विसंबू नका. गावठाणाबाहेर घर असेल तर विहीर आणि सेप्टिक टँक आलेच. सेप्टिकची तपासणी तीन वर्षांतून एकदा करून घ्यावी लागते. शेवटची पावती मालकाकडे मागा. मालमत्ता कराचं बिल डिसेंबरात येतं आणि ३१ जानेवारीपर्यंत निदान पहिला हप्ता भरायचा असतो. त्यातली लॉटरी क्रेडिटची (राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून दिलेली) सूट फक्त राहत्या घराला मिळते.

आपल्या लोकांची खरी अडचण हिवाळ्यात होते, कारण डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे भारतात जायचं असतं आणि घर रिकामं राहतं. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नका. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून ठेवा, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची दारं उघडी ठेवा म्हणजे पाइपला ऊब मिळते. घर रेडिएटरवर तापत असेल तर पाणी बंद करण्याआधी प्लंबरला विचारा. घर तापवणारी भट्टी मध्येच बंद पडली तर हे सगळं वाया जातं, म्हणून किल्ली एखाद्या शेजाऱ्याकडे हवीच.

गोठलेल्या तळ्यावर माणसाने चालायला निदान चार इंच स्वच्छ, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरट बर्फ त्याच जाडीला सुमारे निम्माच भार पेलतो. हे तळं १३० फुटांहून खोल आहे, त्यामुळे आसपासच्या उथळ तळ्यांच्या मानाने उशिरा गोठतं. फेब्रुवारी २०१६ च्या विंटरफेस्टला, म्हणजे लेक जिनिव्हाच्या हिवाळी उत्सवाला, बर्फावर लावलेल्या पंधरा-एक गाड्या खचल्या. एकाच जागी शेजारी शेजारी तासन् तास उभ्या गाड्यांखाली बर्फ वाकतो, तडकतो आणि पाणी वर येतं.

आई-बाबांसाठी: १५ जून ते १५ सप्टेंबर सकाळी टपालाची बोट निघते. बोट न थांबता धक्क्याजवळून जाते, एक मुलगा किंवा मुलगी उडी मारून पेटीत टपाल टाकते आणि धावत परत बोटीवर. तिकीट आधी काढा. दुपारी विल्यम्स बेची यर्कीज वेधशाळा बघा; तिथली १८९७ ची ४० इंची दुर्बीण ही भिंगाची जगातली सर्वांत मोठी. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ ते १९६४ याच गावात राहिले. वेधशाळेचंही तिकीट आगाऊच घ्यावं.

तळ्याभोवतीची पायवाट सुमारे २१ मैलांची आहे. ती बंगल्यांच्या अंगणांतून जाते आणि दर मालकाप्रमाणे कुठे विटा, कुठे खडी, कुठे नुसतं गवत असं चालतं. गुडघे दुखत असतील तर विल्यम्स बे ते काठावरचंच फॉन्टाना गाव हा साडेतीन मैलांचा तुकडाच घ्या. मध्ये स्वच्छतागृह नाही, तेव्हा निघण्याआधी बीचवरचं वापरून घ्या. गाडीशिवाय येऊ नका: शिकागोची मेट्रा लोकल इलिनॉयमधल्या हार्वर्ड गावापर्यंतच येते आणि पुढचे वीसेक मैल बस नाही. बीच आणि पार्किंगचे पैसे वेगवेगळे पडतात.

शाकाहारी जेवणाचे हाल आहेत. शुक्रवारी तर विस्कॉन्सिनच्या रिवाजाप्रमाणे जिथे जाल तिथे तळलेले मासेच. किराणा येताना शिकागोच्या शाउंबर्ग उपनगरातूनच भरून आणा आणि स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.