वाचक विचारतात : ‘इंटरनॅशनल’ कराटे स्पर्धा म्हणजे नेमकी कोणती?

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कराटे स्पर्धांचे फलक लागतात आणि आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतील चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या प्रश्नावर बरेच पालक अडलेले दिसतात, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. क्लासतर्फे ती एका ‘इंटरनॅशनल कराटे चॅम्पियनशिप’ला गेली आणि काता (ठरलेल्या हालचाली सादर करण्याच्या) प्रकारात सुवर्णपदक घेऊन आली. प्रमाणपत्रावर ‘वर्ल्ड चॅम्पियन’ असे छापले आहे. हीच का ती जागतिक स्पर्धा? – एक पालक, खानापूर

नाही. मुलीच्या मेहनतीत काही कमी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. पण ‘वर्ल्ड’ हा शब्द कोण छापते, ते पाहायला हवे.

कराटेची जी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑलिंपिक समितीने पुढे मान्यता दिलेल्या संघटनेची आहे, ती ऑक्टोबर १९७० मध्ये टोकियोच्या निप्पॉन बुडोकानमध्ये सुरू झाली. वुको ही कराटेची जागतिक संघटना त्याच वर्षी उभी राहिली होती आणि पहिल्याच स्पर्धेला ३३ देश आले. प्रकार दोनच होते : पुरुषांची वैयक्तिक कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, आणि सांघिक कुमिते. काता नाही, महिला नाहीत, वजनगटही नाहीत. वैयक्तिक विजेता जपानचा कोजी वाडा, सांघिक विजेता जपान. हे वर्चस्व फार टिकले नाही. १९७२ ला पॅरिसमध्ये फ्रान्सने सांघिक विजेतेपद घेतले आणि वैयक्तिक सुवर्ण ब्राझीलच्या वातानाबेकडे गेले. १९७५ ला अमेरिकेतील लाँग बीचला ब्रिटनचा संघ जिंकला. १९७७ ला स्पर्धा पुन्हा टोकियोत भरली, तर तिथे वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही विजेतेपदे नेदरलँड्सने नेली. ज्या देशाने कराटे जगाला दिले, त्याच्याच राजधानीत हे घडले. त्या दशकाचा हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण कराटे खऱ्या अर्थाने जगाचे झाल्याची खूण तिथे दिसते.

१९८० पासून ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वुकोचे रूपांतर वर्ल्ड कराटे फेडरेशनमध्ये, म्हणजे डब्ल्यूकेएफमध्ये झाले आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला मान्यता दिली. २०२० ची दुबईची स्पर्धा कोरोनामुळे २०२१ मध्ये झाली, नंतर २०२३ ला बुडापेस्ट आणि २०२५ ला कैरो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. या स्पर्धेत कातासाठी किमान वय १६ आणि कुमितेसाठी १८ लागते. १४ ते २० वयोगटासाठी कॅडेट, ज्युनियर आणि २१ वर्षांखालील अशी वेगळी जागतिक स्पर्धा आहे. कॅडेट-ज्युनियरांची पहिली १९९९ मध्ये सोफियाला झाली. तिथेही दार १४ व्या वर्षी उघडते. डब्ल्यूकेएफच्याच यूथ लीगमध्ये १२-१३ वयाचा गट असतो, पण ती मालिका आहे, अजिंक्यपद स्पर्धा नव्हे. त्यामुळे १३ वर्षांची मुलगी या अर्थाने ‘वर्ल्ड चॅम्पियन’ असूच शकत नाही.

शिवाय जागतिक स्पर्धा भरवणारी ही एकटीच संघटना नाही. मासुतात्सु ओयामा यांच्या क्योकुशिन या कराटे पंथाची खुली जागतिक स्पर्धा १९७५ पासून टोकियोत दर चार वर्षांनी होऊ लागली. पहिला विजेता कात्सुआकी सातो. तिचे नियम पूर्ण वेगळे, वजनगट नाहीत, संपूर्ण आघाताची लढत. १९९४ मध्ये ओयामा गेले आणि त्या पंथाच्याही अनेक शाखा झाल्या. शोतोकान या दुसऱ्या कराटे पंथाच्या संघटनांच्या स्वतःच्या जागतिक स्पर्धा आहेतच. या सगळ्या खऱ्या स्पर्धा आहेत, मात्र एकीचे पदक दुसरीत चालत नाही.

क्लासच्या सरांना सरळ तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्रावरच्या संघटनेचे पूर्ण नाव काय आणि ती जागतिक पातळीवर कोणाशी संलग्न आहे? मुलीच्या गटात किती खेळाडू होत्या? ड्रॉचा, म्हणजे कोणाची लढत कोणाशी हे दाखवणारा कागद मिळेल का? डब्ल्यूकेएफच्या स्पर्धांची नोंदणी आणि निकाल स्पोर्टडेटा या संकेतस्थळावर जाहीर असतात, ते कोणीही पाहू शकते. गटात तिघीच असतील तर तिघींनाही पदक मिळते. अशा पदकाचा घरी आनंद जरूर माना, पण नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जात ते लावण्यापूर्वी त्या खात्याची मान्यताप्राप्त स्पर्धांची यादी तपासा. क्रीडा कोट्याचे अर्ज बहुतेक याच ठिकाणी अडतात.

टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत बेशुद्ध पडलेल्या खेळाडूला सुवर्ण आणि त्याला पाडणाऱ्याला रौप्य कसे मिळाले? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

ती लढत ७ ऑगस्ट २०२१ ची, पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाची, त्याच निप्पॉन बुडोकानमधली. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेह याच्या डोक्या-मानेच्या भागात पूर्ण जोराने बसली आणि गंजजादेह शुद्ध हरपून पडला. पंचांनी हान्सोकु, म्हणजे अपात्रता दिली आणि सुवर्ण गंजजादेहला गेले.

आपल्या भागातल्या कुस्तीप्रेमींना हे खटकणे साहजिक आहे. आखाड्यात पाठ टेकली की निकाल लागतो, इथे मात्र समोरचा आडवा झाला म्हणून निकाल लागत नाही. या नियमांत डोक्यावरची लाथ सर्वांत मौल्यवान आहे, तिला इप्पॉन म्हणजे ३ गुण मिळतात. पोट-छातीवरच्या लाथेला वाझा-आरी, २ गुण. हाताच्या प्रहाराला, तो चेहऱ्याकडे असो वा धडावर, युको, १ गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली पाडून लगेच केलेल्या गुणपात्र प्रहारालाही ३ गुण असतात. ८ गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. पण डोके आणि चेहऱ्याच्या बाबतीत प्रहार वेगाने जाऊन लक्ष्यावर आवरला गेला पाहिजे. नियंत्रण सुटून इजा झाली तर गुण तर नाहीच, उलट इजेच्या प्रमाणात दंड होतो. तीच लाथ क्योकुशिनच्या मैदानात निर्णायक विजय ठरली असती. तिथे डोक्यावर लाथ चालते, चेहऱ्यावर मुठीचा ठोसा चालत नाही.

निर्णय बरोबर होता असे आमचे मत आहे. हाच नियम १४ वर्षांच्या मुलांनाही खेळवतो आणि लहान गटांत तो आणखी कडक लावला जातो. मुले बाद होतात ती बहुधा रागामुळे नव्हे, तर अंतर चुकल्यामुळे. प्रतिस्पर्धी पुढे येत असताना हे आपल्या मूळ अंतराच्या हिशेबाने मूठ सोडतात आणि ती वितभर आत जाते. त्यामुळे सरावात फक्त पॅडवर मारून भागत नाही, पुढे सरकणाऱ्या जोडीदारावर प्रहार आवरण्याचा सराव रोज हवा.

मुलींना जागतिक स्पर्धेत जागा कधी मिळाली? – एक विद्यार्थिनी, निपाणी

काता प्रकारात १९८० मध्ये माद्रिदला आणि कुमितेत १९८२ मध्ये तैपेईला. पुरुषांचे वजनगटही १९८० पासूनच. आज महिलांचे गट ५०, ५५, ६१, ६८ किलोपर्यंत आणि ६८ च्या वर असे पाच आहेत, पुरुषांचेही पाचच. टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कातामध्ये सुवर्ण जिंकणारी स्पेनची सांद्रा सांचेस तेव्हा ३९ वर्षांची होती, तेव्हा ‘आता उशीर झाला’ असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. ऑलिंपिकबद्दलही विचारले आहे : २०२४ च्या पॅरिसमध्ये कराटे नव्हते, २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांत मात्र ते १९९४ च्या हिरोशिमापासून आहे.

आमचे मंडळ तालुका पातळीवर खुली स्पर्धा घेणार आहे. मॅट किती लागतील आणि दिवसभरात किती लढती होतील? – एक कार्यकर्ते, चिकोडी

एका मैदानाला एक मीटर बाय एक मीटरचे १०० तुकडे धरा. लढतीचा चौकोन ८ बाय ८ मीटरचा, त्याला ६४. भोवती चारी बाजूंनी एक मीटरची सुरक्षा-पट्टी, तिला ३६ आणि त्या वेगळ्या रंगाच्या. पट्टीबाहेर आणखी दोन मीटर जागा मोकळी ठेवा. तिथे खुर्च्या, पाण्याचे कॅन, फलकांचे खांब काही नको. जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर पुरते. ज्युदोचे जाड मॅट भाड्याने स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, त्यात पाऊल रुतते आणि लाथ मारताना वळणाऱ्या गुडघ्यावर ताण येतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो सांध्यांत. मंगल कार्यालयाची गुळगुळीत फरशी असेल तर तासाभरात तुकडे सरकतात, फट पडते आणि त्यात पायाचे बोट अडकते. अंथरण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करा, कारण धूळ राहिली की मॅटची खालची बाजू पकड घेत नाही. प्रत्येक मैदानाला एक माणूस फक्त सांधे पाहायला नेमा आणि त्याला लढत थांबवायला सांगण्याचा अधिकार द्या.

वेळेचे गणित असे : ४० खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या गटात ३९ लढती होतात. चौदाखालच्यांची लढत दीड मिनिटाची धरली तरी नाव पुकारणे, रेई (वाकून नमस्कार), गार्ड बांधणे मिळून तीन-साडेतीन मिनिटे जातात. म्हणजे एकाच गटाला एका मैदानावर सव्वादोन तास. अंतिम फेरीत पोहोचलेल्यांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी पुन्हा संधी द्यायची असेल, तर त्या लढती वेगळ्या मोजा. ४० जणांचा ड्रॉ ६४ च्या चौकटीत बसतो, म्हणून २४ जणांना पहिली फेरी न खेळता पुढे चाल मिळते. ती सगळी एका बाजूला देऊ नका, चारी भागांत सहा-सहा वाटा. एकाच क्लासची मुले पहिल्याच फेरीत समोरासमोर येणार नाहीत हेही ड्रॉ काढतानाच पाहा. वजन आदल्या संध्याकाळी एकाच काट्यावर घ्या आणि डॉक्टर मैदानाजवळ आल्याशिवाय पहिली लढत पुकारू नका.